ठिणगीचा भरवसा

रत्नागिरीस जाणारा प्रवासी ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा पाहतो, रत्नदुर्गावर भगवतीचें दर्शन घेतो आणि भाट्याच्या पुळणीवर सूर्यास्त पाहून परततो. परंतु ह्या गांवाचें खरें जीवन पाहावयाचें असेल, तर पहांटे मिरकरवाड्याच्या बंदरावर जावें. एके काळीं शिडावर चालणारी कोंकणची होडी आज एंजिनावर चालते.

हीं एंजिनें दोन प्रकारचीं. मोठ्या नौकांचें डिझेल एंजिन हवा दाबून तापवितें व त्या उष्णतेनेंच तेल पेटतें. त्याला ठिणगी लागत नाहीं. लहान होडीच्या पाठीमागें टांगलेल्या पेट्रोल वा रॉकेलच्या एंजिनास मात्र ठिणगीवांचून गति नाहीं. ती देणारा प्लग बोटाएवढा असतो. त्याच्या टोंकाशीं बहुधा एक मिलिमीटरहूनहि कमी फट असते, आणि तींतून हजारों व्होल्टांची ठिणगी उडते. जर्मनींतील बॉशच्या कारखान्यांत १९०२ सालीं उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर असा प्लग व्यवहारांत उतरला.

भाट्याजवळ समुद्रास मिळणाऱ्या नदीचें नांव काजळी. प्लगचा मोठा शत्रूहि काजळीच! जुन्या धर्तीच्या एंजिनांत इंधनांतच वंगण मिसळावें लागतें. तें अर्धवट जळलें कीं टोंकावर काळा थर बसतो आणि ठिणगी विझते. खाऱ्या पाण्याचा तुषार वरच्या जोडावर पडला, तरी वीज भलत्याच वाटेनें निघून जाते.

रस्त्यावर मोटार बंद पडली, तर ती जागच्या जागीं उभी राहते. समुद्रावर तसें नाहीं. दुपारचा खारा वारा होडीला रत्नदुर्गाखालच्या खडकांकडे लोटतो. रात्रीचा मतलई वारा व ओहोटी तिला खोल समुद्रांत ओढतात. बंदरावरील एका वृद्ध तांडेलास ह्याविषयीं विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “प्लग मेला तर दुसरा बसवूं, साहेब, पण तोंवर होडी कोण धरणार?”

ह्या प्रश्नांत सारें शहाणपण आलें. पाणी फार खोल नसेल, तर प्रथम नांगर टाकावा, मग एंजिनास हात घालावा. प्लग काढून पाहावा. तो इंधनानें भिजला असेल, तर कोरडा करावा. काळा पडला असेल, तर घासावा. शक्य तर नवाच बसवावा. उघड्या इंधनाजवळ ठिणगीची परीक्षा मात्र करूं नये. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, पावसाळ्यांत दमट हवेंत पडून राहिलेलें एंजिन बाहेर काढतांना तर नवा प्लग व सुक्या डबींत जादा प्लग हवाच.

मुलांबाळांसह होडींत पाऊल टाकण्यापूर्वीं वाचकांनीं निःसंकोच विचारावें: नांगर आहे ना? वल्हीं आहेत ना? प्रत्येकास तरंगण्याचें जाकीट आहे ना? तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकहि ठाऊक असावा. एंजिनानें प्रवास सुखाचा केला हें खरें. पण वल्हीं आणि नांगर ह्या वाडवडिलांच्या वस्तूंना त्यानें निवृत्ति दिलेली नाहीं. ज्या होडींत ह्या दोन्ही आहेत, तिच्यांतच घरच्या माणसांना निश्चिंत मनानें बसवावें.