माळ्यावरचं बिऱ्हाड

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं घर जुनं, कवेलूंचं. गेल्या उन्हाळ्यात रात्री माळ्यावर धावपळ सुरू झाली. शेजारी म्हणाले, "कबर बिज्जू है." आई म्हणाली, "अरे, उदमांजर ते. फळं खातं, उंदीरही मारतं. राहू दे." मला मात्र वास आणि झोपमोड सोसेना. पिंजऱ्यात पिकलं केळं ठेवलं, ते अडकलं, आणि पहाटे स्कूटरवरून खारून नदीपलीकडच्या झाडीत सोडून आलो. मारलं तर नाही ना, याचं समाधान वाटलं.

त्या रात्री माळ्यावरून बारीक आवाज आले. दोन पिल्लं होती. वनखात्याचे लोक ती घेऊन गेले. पुढचं विचारायचा मला धीर झाला नाही.

नंतर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचला. त्यातल्या 'शिकार' या शब्दात सापळ्यात पकडणंही येतं. मी स्वतःला दयाळू समजत होतो. कायद्याच्या लेखी मी शिकारी होतो. आणि ते खरंच होतं. परक्या झाडीत त्या मादीला ना पाण्याची जागा ठाऊक, ना लपायची. दूर सोडण्यात तिची नाही, माझ्या मनाची सोय होती.

करायचं ते सोपं होतं: पिल्लं मोठी होऊन जाईपर्यंत थांबायचं, मग रिकाम्या माळ्याची फट बुजवायची. माळा आता रिकामाच आहे, पण फट मी अजून बुजवलेली नाही. रात्री आई विचारते, "काही आलं का रे?"

"नाही, आई."