घोडनदीच्या वाटेवर घराचं चिन्ह

दौंडहून चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोहोचायला आम्हाला दुपार झाली. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथं लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच छावणीतून कंपनीची एक पलटण निघाली आणि रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव भीमाला पोहोचली. तिथं पेशव्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. १८२१ मध्ये त्या जागेजवळ, नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत, स्तंभ उभारायला सुरुवात झाली.

आम्ही उर्दू शाळेची सातवीची मुलं घेऊन हा स्तंभ पाहायला आलो होतो. इतिहासाचा धडा होताच, पण आमचं काम वेगळं होतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हा स्तंभ होता. पुढे त्याच्या जागी कट्यार आली. दगडाचा खांब बोटभर बिल्ल्यावर कसा बसतो, चिन्ह म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचं होतं. त्यानंतर प्रत्येकानं आपल्या घराचं चिन्ह काढायचं होतं. ढालीचा आकार आणि आत जास्तीत जास्त तीन वस्तू.

एका पालकांनी आधीच विचारलं होतं, "सर, हे आपल्यात चालतं ना?" सजीवांची चित्रं नकोत, हे आम्ही मुलांना सांगितलंच होतं. शिवाय हुजूर (सल्ल.) यांनी रोमच्या बादशहाला पत्र पाठवायचं ठरवलं, तेव्हा शिक्क्याशिवाय पत्र तिथं वाचत नाहीत असं त्यांना सांगण्यात आलं. म्हणून त्यांनी चांदीची अंगठी करून घेतली. तिच्यावर तीन ओळींत तीन शब्द होते, नक्षी नव्हती.

स्तंभाच्या सावलीत वह्या उघडल्या. पहिल्या फेरीत चौदा तलवारी आल्या. "तलवार कुणाच्या घरी आहे?" कुणाच्याच नव्हती.

मग मिसरच्या ममलूकांची गोष्ट सांगितली. ही लहानपणी विकत घेतलेली गुलाम मुलं. पुढे त्यांच्यातलेच सुलतान झाले आणि १२५० ते १५१७ पर्यंत त्यांनी राज्य केलं. त्यांच्या अमीरांची चिन्हं त्यांच्या नोकरीवरून ठरत. साकी म्हणजे पाणी-शरबत देणारा, त्याचा पेला. सुलतानाची दौत सांभाळणाऱ्याची कलमदानी. पोशाख सांभाळणाऱ्याचा चौकोनी रुमाल. माणूस मोठा सरदार झाला तरी तो पेला त्याच्या मशिदीच्या भिंतीवर, दिव्यांवर, ताटांवर कोरलेला राही. या चिन्हाला ते 'रंक' म्हणत. मूळ फारसी 'रंग'. आपल्या 'राव आणि रंक'शी त्याचा संबंध नाही, पण मुलांना तो शब्द भलताच आवडला.

दुसऱ्या फेरीत वह्या बदलल्या. दौंडच्या एका मुलानं रेल्वेचा हिरवा-लाल कंदील काढला. त्याचे दादा गार्ड होते. रांजणगावच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याच्या मुलानं डोळ्यांपुढचा काळा मुखवटा काढला. कुणी शिवणयंत्र काढलं, कुणी बांगड्यांचा साचा. कैची तर तिघांच्या वहीत होती, आणि तिघांचे धंदे वेगवेगळे.

एक मुलगी मात्र कोऱ्या ढालीसमोर बसून होती. अब्बांचा बाजारात भाजीचा गाडा. "गाडा नको," ती हळूच म्हणाली. "सगळे हसतील." आम्ही आग्रह केला नाही. आग्रहानं काढलेलं चिन्ह काय कामाचं?

सोमवारी तिनं वही आणली. ढालीत तराजू होता. एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला कांदे. तिनं दोन्ही पारडी पट्टीनं मोजून सरळ रेषेत काढली होती. रात्री अब्बांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, कांद्याचं पारडं जरा खाली काढ. आपण तसंच देतो."

तिनं खोडून पुन्हा काढलं होतं. खोडरबरानं कागद तिथं फाटला होता, मागून चिकटपट्टी लावली होती. गाडाही होता, तराजूच्या खाली, दोन चाकांचा.