कुलूप उघडत नाहीये

२०२४च्या मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी पुण्यात गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि डोंबिवलीच्या एजंटकाकांचा फोन आला.

'ताई, कुलूप उघडत नाहीये. पार्टी बरोबर आहे. तुम्ही कुलूप बदललंत का?'

पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. डोंबिवली पूर्वेला आमचं वन बीएचके होतं, चौथा मजला, लिफ्ट नाही. त्या चार मजल्यांवर काका कुणाला तरी घेऊन चढले होते आणि बंद दारासमोर उभे होते. घर एप्रिलमध्येच विकलं गेलं होतं. रजिस्ट्रेशन झालं, पैसे खात्यात आले, नव्या मालकांनी कुलूप बदललं. फक्त काकांना सांगायचं राहून गेलं होतं. 'राहून गेलं होतं' हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं वाक्य.

'काका, घर गेलं. गेल्या महिन्यात.'

पलीकडे थोडा वेळ काही नाही. जिन्यात कुणीतरी खोकलं.

'कुणाला गेलं?'

मी नवराबायकोचं आडनाव सांगितलं. दोघंही शिक्षक, ठाण्याला भाड्यानं राहायचे.

'ते नोव्हेंबरमध्ये माझ्याबरोबर आले होते,' काका म्हणाले. आवाज चढला नाही. 'पार्टीला खाली सोडतो आणि मग फोन करतो.'

नंतर त्यांनी फोन केला नाही, व्हॉट्सअॅपवर मेसेज केला. एकच ओळ. ४६ लाखांचा एक टक्का, ४६,०००.

माझी पहिली प्रतिक्रिया खरी खरी सांगते. मला राग आला. माझ्या पिढीतल्या भाड्यानं राहणाऱ्या कुणालाही दलाल या शब्दाबद्दल प्रेम नसतं. पुण्यात मी तीन घरं बदलली. दर वेळी एक महिन्याचं भाडं दलालीत गेलं. एकदा तर अकरा महिन्यांनी त्याच घराचा करार पुढे चालू ठेवायला एजंटनं पुन्हा अर्धा महिना मागितला. काम काय केलं, तर घरमालकाला एक फोन. तेव्हापासून माझं ठाम मत होतं की ही मधली माणसं फुकट खातात. म्हणूनच फेब्रुवारीत कंटाळून मी एका वेबसाइटवर आमच्या घराची जाहिरात टाकली होती. फोटो मी काढलेले, मजकूर माझा, आणि वर ठळक अक्षरांत: थेट मालक, ब्रोकर नको. मार्चमध्ये त्या जाहिरातीवरूनच या शिक्षक जोडप्याचा फोन आला. व्यवहार मी ठरवला, कागद मी जमवले, रजा टाकून दुय्यम निबंधक कार्यालयात मी बसले. मग ४६,००० कशाचे?

वकिली करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. तिनं आधी विचारलं, 'लेखी काही आहे?'

नव्हतं. बाबा २०२२मध्ये गेले. आईला पुण्याला आणायचं ठरल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मी काकांच्या दुकानात गेले होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा तो गाळा, आत दोन खुर्च्या आणि भिंतीवर गणपती. ते म्हणाले, 'दोन्हीकडून एक एक टक्का.' मी 'बरं' म्हटलं. बस, एवढाच करार.

'तेवढाही करारच असतो,' मैत्रीण म्हणाली. १८७२चा करार कायदा, तोंडी नेमणूकसुद्धा चालते. आपल्या वतीनं काम करायला माणूस नेमला की तो एजंट, त्यासाठी स्टॅम्पपेपर लागत नाही. मला वाटलं, रेरा मध्ये येईल आणि मी सुटेन. काकांकडे महारेराची नोंदणी आहे का, हेही मी विचारून ठेवलं होतं, नसली तर बरं अशा बेतानं. पण एजंटच्या नोंदणीची ती अट रेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहाराला आहे. आमची इमारत १९८९ची. तिच्यासाठी जुनाच कायदा.

त्या कायद्याचं कलम २१९ म्हणतं की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्याशिवाय देणं लागत नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं. नोव्हेंबरमध्ये त्या जोडप्यानं ४३ लाख सांगितले होते, आम्हाला ४८ हवे होते, बोलणं तिथेच थांबलं. म्हणजे काम अपूर्णच.

'पण काम म्हणजे कुठलं?' ती म्हणाली. 'गिऱ्हाईक शोधून आणणं, की खरेदीखत होईपर्यंत सगळं? हे तुम्ही ठरवलंच नाहीत. मग प्रश्न असा येतो की हा व्यवहार मुळात कुणामुळे झाला. नुसतं घर दाखवलं म्हणून दलाली मिळतेच असं नाही. आणि तू मधे जाहिरात टाकलीस म्हणून बुडतेच असंही नाही. शिवाय कलम ७० आहे. कुणी फुकट करायचं नाही या हिशेबानं तुझ्यासाठी काम केलं आणि त्याचा फायदा तू घेतलास, तर भरपाई द्यावी लागते.'

'म्हणजे मी देणं लागते?'

'म्हणजे तो कोर्टात गेला तर तुम्ही दोघंही बराच काळ तारखा घ्याल. दावा लावायला त्याच्याकडे तीन वर्षं आहेत. पण ४६,०००साठी कुणी जात नाही. तुला हेच ऐकायचं होतं ना?'

हेच ऐकायचं होतं.

त्या रात्री उगाच वाचत बसले. इंग्लंडमध्ये १९७९पासून एस्टेट एजंटांचा स्वतंत्र कायदा आहे आणि दलाली कधी लागू होणार हे एजंटनं घरमालकाला आधीच सांगावं लागतं. तिथे दोन शब्द आहेत, दिसायला सारखे. 'सोल एजन्सी' असेल तर दुसऱ्या एजंटनं घर विकलं तरी पहिल्याला पैसे द्यावे लागतात, पण मालकानं स्वतःच कुणी शोधला तर नाही. 'सोल सेलिंग राइट्स' असतील तर मालकानं स्वतः विकलं तरी दलाली द्यावीच लागते. पण पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. खासगीत शोधलेला माणूस खरोखर तुम्हीच शोधलेला हवा. एजंटनं त्या काळात ज्याची ओळख करून दिली, तोच नंतर थेट तुमच्याकडे आला, तर तो तुमचा धरत नाहीत.

ही ओळ वाचून मी फोन खाली ठेवला. मग परत उचलला आणि काकांचं व्हॉट्सअॅप चॅट वर सरकवत गेले.

दर पार्टीनंतर त्यांचा मेसेज असायचा. तारीख, आडनाव, किती जण, काय म्हणाले. 'हॉल लहान वाटला.' 'लिफ्ट नाही म्हणून नको.' 'आजीला जिना जमणार नाही.' चौदा पार्ट्या. चौदा वेळा चार मजले. बहुतेक मेसेजना माझा अंगठा होता, आणि आता कळत होतं की ते न वाचताच दिला होता. नोव्हेंबरमधल्या एका मेसेजमध्ये त्या शिक्षकांचं नाव होतं. 'घर आवडलं आहे. ४३ म्हणतात. बँकेच्या लोनला जुना दस्त अडेल, त्याचं बघू.' खाली माझा अंगठा.

जुना दस्त. ते मी विसरलेच होते. बाबांनी १९८९मध्ये बिल्डरकडून घर घेतलं तेव्हाच्या करारनाम्यावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं होतं. त्या कागदावर कुठलीही बँक सहजासहजी कर्ज देत नाही, आणि ४६ लाख रोख घेऊन कुणी चौथ्या मजल्यावर चढत नाही. डिसेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं मुद्रांक शुल्काची अभय योजना आणली. अशा जुन्या दस्तांवरच्या थकलेल्या शुल्कात आणि दंडात सवलत होती. ही बातमी मी वाचलीही नव्हती. काकांनी आईला सांगितलं, अर्ज भरून दिला, तिच्याबरोबर लोकलनं दोनदा ठाण्याच्या कार्यालयात गेले. शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावरून आईच्या नावावर व्हायचं होतं, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीमागे लागणारेही तेच. यातल्या कशाचे वेगळे पैसे त्यांनी मागितले नव्हते. ते सगळं त्या एक टक्क्यात होतं. घर विकलं तर मिळणार होतं, नाही तर नाही.

मार्चमध्ये जे घर 'मी' विकलं, ते विकण्यासारखं त्यांनी करून ठेवलं होतं.

तरीही एक आधार शिल्लक होता. ते जोडपं आधी येऊन गेलंय हे मला माहीत नव्हतं. मी फसवलं नव्हतं, फार तर बेफिकीर होते. सकाळी चहा घेताना आईला सगळं सांगितलं, हेही सांगितलं.

आई कप धरून गप्प बसली.

मला मार्चमधला तो दिवस आठवला. आई जानेवारीतच पुण्याला आली होती. घर रिकामं होतं. एक चावी काकांकडे, एक शेजारच्या वहिनींकडे. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं डोंबिवलीला गेलो. ते दोघं आले, घर बघितलं. तेव्हा मला एवढंच जाणवलं की ते फार भराभर बघतायत, बाथरूमचं दार ढकलायच्या आधीच त्यांना ते अडतं हे ठाऊक असल्यासारखं. आईनं वहिनींकडून चहा करून आणला. चार कप, त्यातला एक बिनसाखरेचा. तो तिनं न विचारता त्या बाईंच्या हातात दिला.

'तू ओळखलं होतंस त्यांना,' मी म्हटलं.

'दारात उभ्या राहिल्या तेव्हाच.'

'मग बोलली का नाहीस?'

'त्या पण नाही बोलल्या.' मग थोड्या वेळानं म्हणाली, 'मला वाटलं, तुला माहीत असेल. तू एवढं सगळं मोबाइलवर करतेस. म्हटलं, पन्नासेक हजार वाचत असतील तर मी कशाला मधे बोलू. ते पैसे तुलाच होतील.'

तिच्यावर चिडायला मला जागाच नव्हती. ती तोंड उघडलं नाही म्हणून, आणि मी मेसेज उघडले नाहीत म्हणून, आम्ही दोघींनी मिळून एका माणसाचे पैसे वाचवले होते. समोरच्या जोडप्यानंही तेच केलं होतं. मी त्यांना फोन केला. सर म्हणाले, 'आम्ही तर तुमची जाहिरात बघून आलो.' खोटं नव्हतं. माझं 'मला माहीत नव्हतं' जेवढं खरं होतं तेवढंच खरं. त्यांच्या बाजूचा एक टक्का त्यांनी पुढे दिला की नाही, ते मला कळलं नाही. काकांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता वाटतं, ऑक्टोबरमध्येच चार ओळी लिहून घ्यायला हव्या होत्या. काम एकट्यालाच दिलंय की इतरांनाही. आम्ही स्वतः विकलं तर काय. किती महिन्यांसाठी. आणि त्यांनी आणलेलं गिऱ्हाईक नंतर थेट आलं तर किती काळापर्यंत ते त्यांचं. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. फेब्रुवारीत जाहिरात टाकताना एक मेसेज करायला हवा होता, 'काका, आता मी स्वतःही बघतेय.' तो केला असता तर त्यांनी लगेच विचारलं असतं, 'आधीच्या पार्ट्यांचं काय?' बहुतेक म्हणूनच मी तो केला नाही.

जूनमध्ये आम्ही दोघी डोंबिवलीला गेलो. काकांनी स्टुलावरची फाइल उचलून आईला बसायला जागा केली. 'या वहिनी.' माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथेच बसून ४६,००० त्यांच्या खात्यावर पाठवले. फोन वाजला, त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला.

मी पावती मागितली. घराच्या विक्रीवरचा कॅपिटल गेन काढताना विक्रीसाठी दिलेली दलाली वजा होते, त्यामुळे माझ्या सीएला कागद हवा होता. मागताना लाज वाटली. इतके दिवस जे देणं लागतच नाही म्हणत होते, त्याचा करात फायदाही मलाच हवा होता. काकांनी पावतीपुस्तक शोधलं, तारीख घातली, आणि 'कशाबद्दल' या रकान्यावर पेन थांबवून विचारलं, 'काय लिहू?'

'दलाली,' मी म्हटलं.

त्यांनी तेच लिहिलं. मग खणातून आमच्या घराची जुनी चावी काढली आणि पावतीबरोबर माझ्यासमोर ठेवली.

'ती पार्टी काय म्हणाली त्या दिवशी?' आईनं विचारलं. 'कुलूप उघडलं नाही तेव्हा?'

'काही नाही हो वहिनी. त्यांना वाटलं, मी चुकीच्या इमारतीत आणलं.' ते हसले. 'नंतर नाही आले परत.'

परतीच्या गाडीत कर्जतपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. घाट लागल्यावर म्हणाली, 'मी त्या दिवशी सांगितलं असतं, की हे काकांचे लोक आहेत, तर तू काय केलं असतंस?'

'काकांना फोन,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हटलं नाही.

'माहीत नाही,' म्हटलं.

आईनं मान हलवली, जणू तिलाही हेच अपेक्षित होतं, आणि डब्यातली पोळी काढून अर्धी मला दिली.