आडसाली का सोयाबीन

पेशंट किती जगेल हे सांगणं आपलं काम नव्हे, असं मी बरीच वर्षं ठाम मानत होतो. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. यकृताच्या कर्करोगात जांघेतून बारीक नळी घालायची, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीपर्यंत न्यायची, तिथे किमोचं औषध सोडायचं आणि ती वाट बंद करायची. आम्ही याला 'टेस' म्हणतो. यकृताला सुमारे पाऊण रक्त पोर्टल शिरेतून मिळतं. गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. म्हणून गाठ उपाशी मरते आणि यकृत तगतं. यामुळे आयुष्य वाढतं, हे २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या चाचण्यांनी दाखवलं.

कुणाचं किती वाढेल, याचा अंदाज बांधणारे स्कोअर पुढे एकामागून एक आले. हॅप, आर्ट, अल्बी, सिक्स अँड ट्वेल्व्ह. बढतीसाठी पेपर लागतात म्हणून लोक ते काढतात, असं मी कॉन्फरन्समध्ये चहा पिताना हसून म्हणायचो. पेशंटनं विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं : "आपण प्रयत्न करू, पुढचं देवाच्या हातात." मी देव मानत नाही, हेही इथे सांगून टाकतो.

मग वाळवा तालुक्यातले एक शेतकरी आले. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. मधुमेह आणि यकृतातली चरबी यांतून सिरॉसिस झालेला. गावाला ते पटत नव्हतं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. दोन गाठी, मोठी सहा सेंटिमीटरची. टेस छान झाली. आधी पडद्यावर गाठ काळीभोर भरून येत होती, शेवटच्या फिल्ममध्ये तिथे काहीच उमटलं नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तारीख नको मला. आडसाली लावू का सोयाबीन टाकून मोकळा होऊ, तेवढं सांगा."

आडसाली ऊस म्हणजे कारखान्याला जाईपर्यंत दीड वर्ष. डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि मध्येच काही झालं तर ते फेडायला बायको एकटी. सोयाबीन साडेतीन महिन्यांत घरात. पेरणीचे दिवस चालू होते, त्यामुळे उत्तर लगेच हवं होतं, आणि देवाच्या हातातलं उत्तर त्यांच्या काही कामाचं नव्हतं. "लावा की आडसाली," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. डोळ्यांसमोर ती फिल्म होती ना. "संध्याकाळी सांगतो," म्हणून मी सटकलो.

दुपारी केबिनमध्ये कागद घेऊन बसलो. सिक्स अँड ट्वेल्व्हचा हिशेब सोपा : मोठ्या गाठीचे सेंटिमीटर अधिक गाठींची संख्या. सहा अधिक दोन, आठ. मधला गट, मध्यक आयुर्मान ३२ महिने. बरं वाटलं. मग हॅप. त्यात गाठीचा आकार आणि एएफपी ही रक्तातली गाठीची खूण असतात, तसे अल्ब्युमिन आणि बिलिरुबिनही असतात. यांचं अल्ब्युमिन २.९, एक गुण. बिलिरुबिन १.९, दुसरा गुण. गट सी, मध्यक ९ महिने.

माणूस तोच. एक कागद ३२ म्हणतो, दुसरा ९. पहिला स्कोअर चीनमधल्या, यकृत बऱ्यापैकी शाबूत असलेल्या पेशंटांवरून काढलेला आणि फक्त गाठ मोजणारा. यांचं यकृत त्यात मोजलंच जात नव्हतं. दुसरा ब्रिटनमधल्या पेशंटांवरून आलेला, आणि तो यकृतालाही विचारतो. अल्ब्युमिन-बिलिरुबिनचे ते दोन आकडे टेसच्या आधी मीच पाहिले होते आणि "चालेल" म्हणून पुढे गेलो होतो. यांना आजार दोन होते, गाठ आणि सिरॉसिस. माझ्या पडद्यावर दिसतो तेवढाच मी धरला. ज्याला मी अनुभवी अंदाज समजत होतो ते माझ्याच कामाचं कौतुक होतं. त्या यकृताला टेस झेपेल, हेही मी जरा जास्त खुशीत ठरवलं का? याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

आणि न सांगण्यात मला दिसायची ती दया? ती माझी सोय होती. आकडा सांगितला की समोरच्याचा चेहरा बघत बसावं लागतं.

संध्याकाळी मी म्हणालो, "तुमच्यासारखी तब्येत असलेल्यांतले निम्मे लोक साधारण नऊ महिन्यांच्या आत जातात, निम्मे त्यापुढे जगतात. तुम्ही कुठल्या निम्म्यात, ते मला सांगता येणार नाही. पण दीड वर्षाचं कर्ज मी तुमच्या जागी घेतलं नसतं." त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि म्हणाले, "आता हिला सांगा, असंच." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

सोयाबीन टाकलं. ते विकून पैसे आले. पुढच्या वर्षीची पेरणीही त्यांनी उभं राहून करून घेतली. काढणीला ते नव्हते. यात हॅप जिंकला असं मी म्हणणार नाही, एका माणसावरून स्कोअर खरा किंवा खोटा ठरत नसतो. आता मी टेसच्या आधीच आकडे मांडतो, आणि ज्यांना ऐकायचं असेल त्यांना सांगतो. काहींना नको असतं, त्यांना सांगत नाही.

त्याच सी गटातल्या एका निवृत्त शिक्षिकांना मी असंच सांगितलं होतं. त्यांनी एफडी मोडून मुलीचं घराचं कर्ज फेडून टाकलं. बाई अजून दर तीन महिन्यांनी सीटी स्कॅनला येतात. बुडालेलं व्याज माझ्या फीमधून वळतं करून घेणार आहेत म्हणे.