हलक्या वाचनाचा पंक्तिभेद

सुशिक्षित घरांतून वाचनाच्या बाबतींत एक पंक्तिभेद अजून पाळला जातो. चरित्रें, इतिहास, वैचारिक निबंध हे पाटावर बसणारे मानकरी. विनोदी गोष्टी, साहसकथा आणि मुलांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें यांना मात्र पडवींतली जागा. घरांतील एखादें कर्तें माणूस भर दुपारीं साहसकथा वाचीत पडलेलें दिसलें, तर त्याची प्रकृति बरी नसावी अशीच इतरांची समजूत होते. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं हा भेद मोडला. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं लहानथोर मंडळींनीं एकत्र बसावें आणि मुलांच्या पुस्तकांतील एकेक प्रकरण मोठ्यानें वाचावें, असा क्रम ठेवला. पुस्तकाचें सातारा-सांगलीच्या मुलखाशीं कांहीं तरी नातें असावें, एवढा एकच नियम होता. सांगली जिल्ह्याला 1949 पासून 1960 पर्यंत 'दक्षिण सातारा' असेंच म्हणत. तेव्हां हा मुलूख आम्ही एकच धरला.

आरंभ अर्थातच ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'नें झाला. ताम्हनकरांचें नांव किर्लोस्करवाडीच्या मासिकांशीं जोडलेलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं 1910 सालीं औंध संस्थानांतल्या माळावर कारखाना उभारला, आणि पुढें तेथून लोखंडी नांगरांबरोबर मासिकेंहि बाहेर पडूं लागलीं: 1920 सालीं 'किर्लोस्कर खबर', 1930 सालीं 'स्त्री' आणि 1934 सालीं 'मनोहर'. गोट्या हा निराधार मुलगा. एक सुशिक्षित कुटुंब त्याला आसरा देतें, आणि हुशारीनें व गोड स्वभावानें तो त्या घराचाच होऊन जातो. हें वाचन चाललें असतां आमच्या मातुःश्रींना त्यांच्या माहेरचे वारावर जेवणारे विद्यार्थी आठवले. कोणत्या वारीं कोणता मुलगा येई, कोणाला ताक आवडे, हें सारें त्यांना अद्याप पाठ आहे. मात्र त्यांनीं आणखीहि एक गोष्ट सांगितली. जो मुलगा परीक्षेंत वर येई, त्याच्या पानांत तूप जरा सैल हातानें पडे. जो नापास होई, तो खालीं मान घालून जेवून उठे. शिवाय येणारा मुलगा बहुधा आपल्याच जातीचा असे. गोट्या गुणी आहे म्हणून त्याला घर मिळालें. तो मंद किंवा हट्टी असता तर मिळालें असतें काय, हा प्रश्न पुस्तक विचारीत नाहीं. आमच्या घरांत तो त्या रात्रीं विचारला गेला, आणि त्याचें उत्तर कोणालाच चटकन् देतां आलें नाहीं.

त्यानंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. भागवतांनीं (1910–2001) ज्यूल व्हर्नचीं अद्भुत साहसें मराठींत आणलीं, आणि स्वतःचा असा एक अस्सल मराठी साहसवीरहि उभा केला. बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत पोर. पुण्याच्या विद्याभवनांत शिकणारा आणि वाऱ्याच्या वेगानें धांवणारा. आम्हीं मुद्दाम 'प्रतापगडावर फास्टर फेणे' हें पुस्तक निवडलें. प्रतापगड म्हटलें कीं आमच्या मुलांना 1659 सालचा अफझलखानवध आणि त्यावरचा पांच गुणांचा प्रश्न आठवतो. तोच गड एका शाळकरी पोराच्या धांवपळीचें अंगण झालेला पाहून तीं हरखून गेलीं, आणि पुढच्याच रविवारीं गडावर जाण्याचा हट्ट धरून बसलीं. या कथांतील योगायोग मोजूं लागल्यास बोटें पुरणार नाहींत, हें खरें. परंतु घरांतून एकटें बाहेर पडावें, मोठ्यांना न सुटलेलें कोडें आपण सोडवावें, ही जी प्रत्येक मुलाच्या पोटांतली भूक, ती त्या पुस्तकांनीं ओळखली आहे. क्लास आणि शाळा यांच्यामध्यें मोटारीनें नेल्या-आणल्या जाणाऱ्या आजच्या मुलांना तर ती अधिकच लागलेली असते.

शेवटीं हातीं आला तो लंपन. कराडच्या महाविद्यालयांत भूगर्भशास्त्र शिकविणारे प्रा. भालचंद्र गोपाळ दीक्षित हेच मराठी वाचकांचे प्रकाश नारायण संत (1937–2003). कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव. 1994 सालीं त्यांचा 'वनवास' हा कथासंग्रह आला; पुढें 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, सीमाभागांतल्या गांवीं आजीआजोबांजवळ वाढणारा लंपन कोणतेंहि कोडें सोडवीत नाहीं, कीं कोणाचें मन जिंकण्याची खटपट करीत नाहीं. तो पाहतो, ऐकतो आणि भलत्याच नेमक्या आकड्यांनीं जगाचें माप घेतो. त्याच्या कानडी वळणाच्या मराठीनें सांगलीकडे दिलेल्या आमच्या भगिनी पोट धरधरून हंसल्या.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा दोन वर्षांपासून शिक्षणासाठीं आमच्याकडे आहे. आईबाप परगांवीं नोकरीला. लंपनला आईची आठवण येते तेथें वाचन आलें, तेव्हां तो उठला आणि माडीवर निघून गेला. मागाहून कोणी हांक मारली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुस्तक जागेवर नव्हतें. चार दिवसांनीं तें आपोआप परत आलें. त्या रविवारीं त्याच्या आईबापांना फोन करण्याऐवजीं तिकडे येण्याचेंच आम्हीं कळविलें. मुलाला येथें कांहीं कमी नाहीं, असें आम्ही त्यांना दोन वर्षें सांगत होतों, आणि खाण्यापिण्यापुरतें तें खरेंहि होतें.

तिन्ही पुस्तकें ओळीनें वाचल्यावर एक गोष्ट ध्यानांत आली. मूल कसें असावें हें 'गोट्या' सांगतो. मुलाला काय व्हावेंसें वाटतें तें फेणे सांगतो. आणि मूल कसें असतें तें लंपन सांगतो. घरांत तिन्ही लागतात. पहिल्यावरच संतुष्ट राहण्याकडे आम्हां वडील मंडळींचा कल असतो इतकेंच.

येथें आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीचें एक वाक्य नमूद केलें पाहिजे. "काका, तुमचे तिन्ही नायक मुलगेच कसे?" असें तिनें विचारलें. ताम्हनकरांची 'चिंगी' तिला काढून दिली, ती तिनें दोन दिवसांत संपविली आणि "पुढचें?" म्हणून हात पुढें केला. त्या हातावर ठेवावयास मराठींत फार थोडें सांपडलें. ती सध्यां इंग्रजी कादंबऱ्या वाचते, आणि त्याबद्दल तिला बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

अशीं पुस्तकें जपावयासहि हवींत. पांचगणीजवळच्या भिलार गांवीं 4 मे 2017 रोजीं 'पुस्तकांचें गांव' सुरू झालें. वेल्समधील हे-ऑन-वाय या गांवाचा आदर्श पुढें ठेवून तेथील घरें, देवळें, शाळा यांतून पुस्तकें मांडलीं आहेत, आणि त्यांत मुलांच्या साहित्यालाहि मानाची जागा आहे. उलट ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या महापुरांत सांगलीच्या नगर वाचनालयांतील हजारों पुस्तकें भिजून गेलीं. अशा वेळीं थोर ग्रंथांची आठवण सर्वांना होते. परंतु पानें दुमडलेली, पाठ निघालेली गोष्टींचीं पुस्तकें पुन्हां कोण आणून देतो?

असो. येत्या सुटींत वाचकांनीं आपल्या घरीं हा प्रयोग करून पाहावा. पुस्तक मुलांनीं निवडावें, वाचन मोठ्यांनीं करावें, आणि मध्येंच कोणी उठून गेलें तर कारण विचारण्याची घाई करूं नये.