अंदमानच्या पुळणीवर आईबरोबर

१९७२ च्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माझ्या आईने ७८ व्या वर्षी एक इच्छा बोलून दाखवली. अंदमानात जाऊन सावरकरांची कोठडी पाहायची आणि एकदा समुद्रात पाय बुडवायचे. मधुमेहाला २२ वर्षे झालेली, तळपायांची संवेदना मंदावलेली आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. माझ्यातला डॉक्टर नकार देण्याच्या बेतात होता. परंतु नकार देणे सोपे असते, तयारी करणे कष्टाचे. डिसेंबरात आम्ही अहिल्यानगरहून निघालो.

श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे उतरताच हवेतला फरक जाणवला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवते. बेटावरील दमट हवेत तो अंगावरच राहतो. शरीर तापत जाते आणि वृद्धांना तहान मात्र उशिरा लागते. म्हणून तहानेची वाट न पाहता मी तिला थोडे थोडे पाणी देत राहिलो. लघवीच्या गोळीची मात्रा प्रवासात बदलावी का, हे हृदयरोग वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

१९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रत्येक मजल्यावर विसावा घेत आई चढली. नगरचा किल्ला आणि त्यातली नेहरूंच्या बंदिवासाची खोली तिने पाहिलेली होती. येथे मात्र ती काही बोलली नाही. भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक. खासगी बोटीने सुमारे दीड-दोन तास लागतात. तिला बोट लागू नये म्हणून मी उलटीची गोळी दिली आणि तेथेच चुकलो. या गटातल्या अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. रिसॉर्टच्या खोलीत पोहोचल्यावर स्नानगृहाच्या गुळगुळीत फरशीवर तिचा पाय सरकला. मी मागेच होतो, म्हणून सावरले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नारळीच्या झाडांतली सुंदर कुटी, पांढरी शुभ्र चादर, बाहेर लाटांचा नाद, सगळे होते. पण खुब्याचे हाड मोडले असते तर? बेटावर लहान सरकारी दवाखाना आहे. मोठे रुग्णालय समुद्रापलीकडे श्रीविजयपुरमला. रात्री प्रवासी बोटी नसतात आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या हाती. खोलीचे भाडे कितीही असो, हे अंतर त्याने कमी होत नाही.

म्हणून आरक्षण करताना पोहण्याचा तलाव कसा आहे, याआधी काही गोष्टी विचाराव्यात. रात्री डॉक्टर किती वेळात येतील? खोली तळमजल्यावर आहे का, भोजनगृह तेथून किती लांब आहे? स्नानगृहात धरायला दांडा आहे का? नसल्यास रबरी चटई आणि स्नानासाठी खुर्ची मागून घ्यावी. औषधे हातातल्या पिशवीत, दुप्पट दिवसांची ठेवावीत. न उघडलेले इन्शुलिन फ्रीजमध्ये असावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको; गोठलेले इन्शुलिन निकामी होते.

आणखी एक गंमत. अंदमान पूर्वेला इतके दूर, पण घड्याळ आपलेच. डिसेंबरात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आई दिवेलागणीला इन्शुलिन घेऊन जेवणारी. पहिल्याच संध्याकाळी तिने इंजेक्शनची पिशवी उघडली तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि जेवण साडेसातला मिळणार होते! रिकाम्या पोटी साखर घसरली असती. औषध अंधार पाहून नव्हे, घड्याळ आणि जेवणाचे ताट पाहून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी, गुंगी पूर्ण उतरल्यावर, राधानगर किनाऱ्यावर गेलो. मधुमेही पायांना तापलेली वाळू भाजते आणि प्रवाळाचा तुकडा टोचतो, तरी कळत नाही. म्हणून ऊन उतरल्यावर, पायांत बंद रबरी बूट घालून, जीवरक्षकांच्या नजरेसमोर. घोट्याइतक्या पाण्यात आई माझे मनगट घट्ट धरून उभी राहिली. लाट आली, गेली. परतताना वाळूतला पाय आत ओढला जातो, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने माझा दंडही धरला.

‘‘केवढं पाणी रे हे,’’ ती म्हणाली, ‘‘आणि पिता येत नाही.’’

खोलीवर येऊन मी तिचे दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्यांसह, उजेडात नीट तपासले. कोठेही ओरखडा नव्हता.