घर बहिणीचं, वाट भावाची

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ पुरुषाला 'तुमचं गाव कोणतं' असं विचारलं तर तो चटकन नाव सांगतो. 'घर कुणाचं' असं विचारलं की म्हणतो, 'आईचं'. आई नसेल तर, 'बहिणीचं'. आपल्याकडे असं उत्तर वाटण्या बिनसलेल्या घरातला माणूस देतो. क्वालालंपूरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी मात्र ते अगदी सहज द्यायचा. ईदच्या सुट्टीत त्याने मला गावी बोलावलं, तेव्हाही 'माझ्या घरी चल' असं तो म्हणाला नाही. म्हणाला, ''उनीला विचारलंय, ती ये म्हणतेय.'' उनी म्हणजे ताई.

क्वालालंपूर ते पाडांग विमानाने तासाभराचं अंतर. पाडांगचं घड्याळ एक तास मागे, त्यामुळे निघालो त्याच वेळेला पोचलो. पुढचा रस्ता मात्र तो वाचलेला तास व्याजासकट वसूल करतो. इथे भाड्याच्या सामायिक गाडीला 'ट्रॅव्हल' म्हणतात. ती दारातून उचलते, दारात सोडते आणि मधल्या वेळात साऱ्या गावाची पार्सलंही पोचवते. सितिंजाऊ लाउइकच्या घाटात वळण इतकं अवघड की खालून ट्रक येतोय का, हे हात करून सांगायला पोरं उभी असतात. गाडीवाले त्यांना काचेतून सुटे पैसे देतात. लुबुक सलासिहला मुख्य रस्ता सोडला की थंडी सुरू होते. चहाचे मळे, कांद्याची शेतं, रस्त्याकडेला मार्किसा फळांच्या टांगलेल्या माळा आणि दोन जुळी तळी. एकाचं नाव 'वरचं', दुसऱ्याचं 'खालचं'. मुआरा लाबुहला पोचेपर्यंत दिवस कलला. आभाळ मोकळं असेल तर तिथून ३,८०५ मीटर उंचीचा करिंची ज्वालामुखी दिसतो. आम्हाला ढग दिसले. शेवटचा टप्पा मोटरसायकलवर मागे बसून, झुलता पूल ओलांडून.

रस्ताभर जाकार्ताच्या नंबरांच्या गाड्या होत्या. जावातून बोटीवर चढून, मग साऱ्या सुमात्रातून दिवस-दिवस गाडी हाकत लोक ईदला गावी येतात. एका गावचे लोक ठरवून एकत्र निघतात, त्याला 'पुलांग बासामो' म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून घरी परतणं. माझ्या सहकाऱ्याची बायको आणि मुलं मात्र आमच्याबरोबर नव्हती. ती आधीच तिच्या आईकडे, दुसऱ्या गावी गेली होती. मुलं आईच्या कुळाची, त्यामुळे त्यांचं गावही तेच.

साठ लाखांच्या वर असलेला हा समाज पक्का मुस्लिम आहे आणि त्याची वंशावळ आईकडून चालते. वडिलोपार्जित म्हणावं तर शब्दच चुकतो, कारण शेत, तळं, घर सारं आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलींकडे येतं. त्याला 'हार्ता पुसाको तिंगी' म्हणतात. 'हार्ता' हा आपल्याच 'अर्थ'चा तिकडे गेलेला अवतार. या मालमत्तेची देखरेख करतो तो 'मामाक', म्हणजे आईचा भाऊ. मराठी कानाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घरातल्या बाईचा नवरा 'सुमांदो', म्हणजे सन्मानाने वागवायचा पाहुणा. जळक्या खुंटावरची राख, अशी त्याच्यावर एक म्हणही आहे. वाऱ्याची झुळूक आली की उडाली.

उनीच्या विटांच्या घराला लागून जुनं 'रुमाह गादांग' उभं आहे. नावाचा अर्थ नुसताच 'मोठं घर'. दोन्ही टोकांना शिंगांसारखं वर गेलेलं छप्पर, आता पत्र्याचं. आत पुढे एक लांबलचक मोकळी जागा आणि मागच्या भिंतीला ओळीने खोल्या, लग्न झालेल्या मुलींसाठी. मुलग्यांसाठी एकही नाही. पूर्वी सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री प्रार्थनाघरात, 'सुराउ'त झोपायला जायचा. त्या ओळीपुढे उभी राहिले आणि मनात आलं, इथे प्रत्येक बाई आयुष्यभर माहेरी राहते. माहेरवाशीण हा शब्द इथे कुणाला समजणारच नाही.

ही जमीन विकता येत नाही. गहाण ठेवायची तर साऱ्या कुळाची संमती लागते आणि रूढीने मानलेली कारणं चारच: घरात प्रेत पडलंय आणि अंत्यविधीला पैसा नाही, वयात आलेली मुलगी लग्नाविना राहिली आहे, मोठं घर गळतंय, किंवा कुळाच्या प्रमुखाची जागा रिकामी आहे आणि नवा बसवायचा आहे. मक्केच्या मशिदीत इमाम झालेले इथलेच विद्वान अहमद खातिब यांनी या वारसापद्धतीवर कडक टीका केली होती. पुढे तोड निघाली ती अशी: पूर्वजांचं ते रूढीप्रमाणे मुलींकडे, स्वतः कमावलेलं ते शरियतप्रमाणे मुलगे-मुली दोघांत. सरकारंही आली-गेली. १९७९च्या कायद्याने सगळ्या देशाला 'देसा'चा एकच साचा लावला आणि इथल्या जुन्या 'नागारी' मोडल्या. १९९९नंतर त्या परत आल्या. जमीन होती तिथेच राहिली. परदेशी माणसाला पूर्ण मालकी १९६०च्या जमीन कायद्यानेच मिळत नाही. इथे तर पलीकडच्या कुळातल्या माणसालाही ती मिळत नाही.

संध्याकाळी उनी ओट्यावर दालचिनीच्या साली निवडत बसली होती. ''एवढी शेती तुझी,'' मी म्हटलं. ती हसली. ''माझी नाही. माझ्याकडे आहे.''

मग मी तिला माझ्या आईची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला. आईने त्यानंतर तालुक्याच्या गावी जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, तिच्या दोन्ही बहिणींनीही केली. सातबारावर मामांची नावं राहिली. परत येताना प्रत्येकीला एकेक साडी मिळाली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

उनीने सगळं नीट ऐकून घेतलं. अन्याय वगैरे शब्द तिने काढले नाहीत. एकच प्रश्न विचारला. ''मग नवऱ्याशी भांडली तर तुझी आई झोपायची कुठे?''

मला उत्तर देता आलं नाही. आई कधी भांडली नव्हती, आणि का भांडली नव्हती हे मला त्या ओट्यावर कळलं.

पण इथल्या व्यवस्थेची दुसरी बाजूही त्याच ओट्यावर बसली होती. माझा सहकारी अठराव्या वर्षी घराबाहेर पडला. इथे मुलग्याने परमुलखी जाणं, 'मेरांताउ', हा जवळजवळ संस्कारच. मोहम्मद हत्ता, तान मलाका, सुतान शहरीर असे देशाला वळण देणारे लोक या रिवाजाने बाहेर पाठवले आणि देशभरची पाडांगी खानावळही त्यानेच चालवली. ''जायचं का, असं मला कुणी विचारलं नाही,'' तो म्हणाला. बहिणीच्या घराचा पत्रा त्याच्या पैशांचा, बायकोच्या घराची फरशीही त्याच्याच पैशांची, आणि दोन्हीकडे तो पाहुणा. म्हातारपणी कुठे राहणार, असं विचारल्यावर त्याने बोलणं बदललं.

उनीला जायचं होतं, तिलाही कुणी विचारलं नाही. दोन भावांत ती एकटी मुलगी. मुलगी नाही ते कुळ 'पुनाह', म्हणजे नामशेष, म्हणून ती जन्मली तेव्हा आनंद झाला आणि मोठी झाल्यावर तिला जागचं हलू दिलं नाही. भाऊ राहतो ते क्वालालंपूर तिने अजून पाहिलेलं नाही. जमीन तिच्याकडे आहे तशी तीही जमिनीकडे आहे.

आता तिची मुलगी पाडांगला नर्सिंग शिकते आणि तिला जपानला जायचंय. मामाकांची बैठक झाली. कुळाची पुढची खोली हिचीच, तेव्हा हिने जाऊ नये असं एकाचं मत पडलं. चार कारणांत मुलीच्या तिकिटाचं कारण नाही, हे दुसऱ्याने दाखवून दिलं. उनीने कुणाशी वाद घातला नाही. तिने आणि नवऱ्याने डोंगरउतारावर दालचिनी लावली होती. ती पूर्वजांची नव्हे, त्यांच्या कमाईची. तिच्यावर मामाकांचं चालत नाही. दालचिनी इथे बँकेसारखी वाढू देतात आणि मोठा खर्च निघाला की तोडतात. तोडल्यावर बुंध्यातून परत फुटते. त्यातली निम्मी झाडं तिने ईदच्या आधीच तोडली होती. ओट्यावर वाळत होत्या त्या त्याच साली.

''मुलगी परत नाही आली तर?'' मी विचारलं.

''यायचं तेव्हा येईल,'' उनी म्हणाली. ''जमीन कुठे जातेय? ती विकता येत नाही ना.'' आणि तिने साली जाडीप्रमाणे वेगळ्या करायला घेतल्या, कारण सकाळी व्यापारी येणार होता आणि जाड सालीला भाव जास्त मागायचा होता.